आकाश बंद

एलिझबारला बोलता बोलता मध्येच वर बघायची खोड होती. समोरचा माणूस मेलेल्या गाईचे दुःख सांगत असो की पोरीच्या सोयरिकीचे, हा तोंडाने हो हो म्हणायचा आणि डोळे मात्र गोंबोरीच्या डोंगरकड्यावर लागलेले. नवख्याला वाटायचे, भलताच मगरूर माणूस दिसतो. मगरूर कसला, बिचाऱ्याची नोकरीच तशी होती. तिबिलिसीच्या पूर्वेला, त्सिनंदालीच्या वरच्या अंगाला आमचे गाव, आणि गावाच्या डोक्यावर टेकडीवर गारांचे ढग फोडायचे सरकारी ठाणे, सातव्या नंबरचे. आठ नळ्यांचा लोखंडी सांगाडा, एक वायरलेस, दोन खाटा, एक शेगडी. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत एलिझबार तिथे पहाऱ्यावर असायचा. त्याच्या जोडीला ओतिया नावाचा एक बडबड्या गडी रॉकेटे भरायला होता.

ही नोकरी त्याला आपोआप मिळाली नव्हती. बाप लढाईवर गेला तो आलाच नाही, आईने दुसऱ्यांच्या बागांत खुरपून याला वाढवला. सैन्यात तोफखान्यात तीन वर्षे काढून आल्यावर सरकारी मळ्यात ट्रॅक्टर चालवायला लागला. टेकडीवर ठाणे होणार असे कळले तेव्हा शहरातून कोणी शिकलेला माणूस आणायचे चालले होते. त्या वेळी उशांगी मळ्याच्या साहेबाकडे स्वतः गेला. उशांगी म्हणजे एलिझबारच्या बायकोचा, पिक्रियाचा, थोरला भाऊ. आयुष्यात कोणासाठी शब्द न टाकणारा माणूस, पण तिथे टोपी हातात घेऊन बोलला.

"साहेब, परका माणूस वर बसून ढग बघेल. आमचा माणूस बसला तर तो खालच्या वेली बघेल. आमच्या जावयाला द्या."

साहेबांना ते पटले. त्या दिवसापासून सारा गाव एलिझबारला आपला माणूस म्हणू लागला. कोणाच्या घरी मांस भाजत असले तर रस्त्यावरून हाक यायची, "अरे ढगवाल्या, ये, दोन घास खाऊन जा. वर बसून नुसती हवा खातोस."

उशांगीबद्दल सांगायला हवे, कारण त्याच्याशिवाय एलिझबारची गोष्ट पुढे सरकत नाही. त्याची बायको लवकर गेली. मूलबाळ नव्हते. घरामागे बापाने लावलेल्या चाळीस ओळी होत्या, सगळ्या म्त्सवाने जातीच्या द्राक्षाच्या. बाकी गावाने कधीच र्कात्सितेली लावली होती, कारण ती भरघोस येते आणि नखरे करत नाही. म्त्सवाने म्हणजे माहेरवाशिणीसारखी, जरा काही झाले की रुसणारी. घड थोडे, मणी नाजूक, रोग लवकर. सरकारी मळ्याने आपल्याकडची निम्मी उपटून टाकली होती. पण कारखान्यातून त्सिनंदालीची चिठ्ठी लावून जी कोरडी पांढरी वाइन बाहेर जाते, तिच्यात थोडी म्त्सवाने पडली नाही तर तिला वास येत नाही, हे कारखान्यातले म्हातारे चाखणारेसुद्धा मान्य करायचे. उशांगीला तेवढे पुरे होते.

"उपटा म्हणतात," तो म्हणायचा. "यांच्या घरात आई म्हातारी झाली की हे काय करतात, एकदा विचारलं पाहिजे."

चाळीस ओळींचा एक रांजण व्हायचा. माणसाच्या उंचीचा मातीचा रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. त्यात रस, साली, बिया, देठ सगळे एकत्र ओतायचे, उकळी शमली की वर दगड ठेवून ओल्या मातीने तोंड लिंपायचे, आणि मग एप्रिलपर्यंत त्या दगडाला कोणी हात लावायचा नाही. एलिझबारच्या घरचा रांजण लढाईच्या वर्षांतच फुटला होता. नवा बसवायचे त्याच्या मनात आले तेव्हा उशांगी चिडला होता.

"दोन रांजण कशाला? मी एकटा पिऊन पिऊन किती पिणार? तुझी दहा टोपल्या द्राक्षं माझ्यातच ओत."

तेव्हापासून रांजण एक आणि घरे दोन. एप्रिलमध्ये माती फोडून दगड बाजूला करायचा दिवस हाच एलिझबारचा खरा सण होता. उशांगी गुडघ्यांवर बसून भोपळ्याचा लांब दांड्याचा ओगराळा आत सोडायचा, चहासारख्या रंगाची वाइन मातीच्या वाडग्यात ओतायचा आणि शेजारीपाजारी जमलेले असताना पहिला वाडगा नेहमी एलिझबारच्या हातात द्यायचा. "आधी ढगवाल्याला. याने राखली म्हणून आपण पितोय." मेलेल्यांच्या नावाचा वाडगा जमिनीवर ओतायचा, तो त्यानंतर. बाप नसलेल्या माणसाला असे कोणी चारचौघांत म्हणावे, याची किंमत एलिझबारलाच ठाऊक. तो वाडगा घेताना त्याचे कान लाल व्हायचे.

आता ठाण्याचा नियम. ढग दिसला म्हणून रॉकेट डागायचे नाही. खाली तेलावी शहराच्या बाजूला रडारचे केंद्र होते. ते ढग मोजणार, दिशा सांगणार, किती रॉकेटे ते सांगणार. आणि त्याआधी केंद्राने विमानवाल्यांना विचारायचे, वर कोणी आहे का. विमान जायचे असेल तर वायरलेसवर दोनच शब्द यायचे, आकाश बंद. तेवढा वेळ किल्लीला हात लावायचा नाही. लावला तर तुरुंग. चौदा वर्षांत आकाश अनेकदा बंद झाले होते, पण मिनिटा-दोन मिनिटांसाठी. सासूने दारात उभे करावे आणि मग आत घ्यावे, तितकेच.

एक्क्याऐंशी सालच्या जूनमध्ये बारा मिनिटे उलटली तरी ते उघडले नाही.

दुपारचे साडेतीन झाले असतील. मणी वाटाण्याएवढे झाले होते. कड्यामागून ढग वर आला. खालचा भाग शाईसारखा आणि पोटात हिरवट झाक. हिरवट झाक म्हणजे गार, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही कळते. ओतियाने आठही नळ्या भरल्या आणि एलिझबारने वायरलेस उचलला.

"केंद्र, मी सातवा. ढग अंगावर आलाय. परवानगी द्या."

"सातवा, दिसतोय. आकाश बंद. थांबा."

"किती वेळ?"

"थांबा."

खाली गावात लोक अंगणात आले होते. टेकडीवरून सगळे स्पष्ट दिसायचे, आणि त्यांनाही टेकडी दिसायची. कोणी चादर हलवत होते, कोणी पातेले बडवत होते. आपल्या ओळींच्या टोकाला उशांगी उभा होता. तो हात वगैरे हलवत नव्हता, नुसता टेकडीकडे तोंड करून उभा होता, कारण आपला माणूस वर आहे हे त्याला माहीत होते.

"केंद्र! माझ्या बायका-पोरांची शपथ, ढग डोक्यावर आला! कुठलं विमान आहे? मला तर चिमणी दिसत नाही!"

"सातवा, शिस्तीत बोला. आकाश बंद."

ओतिया त्याच्याकडे बघत म्हणाला, "डाग की. कोण बघतंय?"

"वर माणसं असतील तर?"

"ढगात कोण मरायला येतंय?"

एलिझबारचा हात किल्लीवर होता. त्याला दिसत होते ते न दिसणारे विमान, त्यात बसलेली कोणाकोणाची लेकरे, आणि खाली उशांगी. हात किल्लीवरच राहिला. बाराव्या मिनिटाला पहिली गार सांगाड्यावर पडली तेव्हा टणकन आवाज झाला, आणि मग आवाज वेगळे ओळखू येईनात. वीस मिनिटे दोघे झोपडीत पत्र्याखाली डोके धरून बसले. थांबल्यावर बाहेर आले तर टेकडी पांढरी, गाव पांढरे, आणि खालून चिरडलेल्या हिरव्या पानांचा ओला वास येत होता.

तेवढ्यात वायरलेस खरखरला. "सातवा, आकाश उघडलं. सहा रॉकेटं डागा."

"आता?" ओतिया ओरडला. "आता काय, मेलेल्याला औषध पाजायचंय?"

पण हुकूम हुकूम होता. ढग पार नदीपल्याड गेला होता. एलिझबारने सहा रॉकेटे डागली, एकामागून एक, धुतल्यासारख्या निळ्या आकाशात. खाली बायका फाटक्या वेलींमध्ये उभ्या राहून रडत होत्या आणि त्यांच्या डोक्यावर ती फुटत होती. गारांचे एक वेळ लोक विसरले असते. ते सहा आवाज कोणी विसरले नाही.

गावाने त्याला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरे झाले असते. चौकात कोणीतरी नुसते म्हणायचे, "आकाश बंद होतं म्हणे," आणि दुसरा म्हणायचा, "हो का? मग गारा कुठून आल्या, खिडकीतून?" आणि सगळे हसायचे. एलिझबार पावाच्या भट्टीवर गेला की बायका बोलायच्या थांबायच्या. मांस भाजल्याचा वास यायचा, हाक यायची नाही.

उशांगीकडे तो दुसऱ्याच दिवशी गेला होता. जखमी काड्यांवर लगेच मोरचूद-चुना मारला तर वेल तग धरते, म्हणून पाठीवर पंप घेऊनच गेला. उशांगी फाटकात उभा राहिला. फाटक त्याने उघडले नाही.

"राहू दे. मी मारलंय."

"एकट्यानं? चाळीस ओळी?"

"वेळ होता. बागेत दुसरं काय उरलंय करायला?"

"उशांगी, परवानगी नव्हती रे. विमान होतं."

"होतं ना. असेल." उशांगीने त्याच्याकडे अगदी सभ्यपणे बघितले. "मी कुठं काय म्हणालो? तू उन्हात उभा राहू नकोस. जा."

परक्याशी बोलावे तसे तो बोलला. एलिझबार पंप घेऊन परत आला आणि पिक्रियाने विचारायच्या आधीच गोठ्यात जाऊन बसला. पिक्रियाची तर दोन्हीकडून फरफट झाली. भावाकडे गेली की नवऱ्याचे नाव निघायचे नाही, घरी आली की नवरा भावाचेच विचारत बसायचा.

"काय करत होता?"

"काड्या बांधत होता."

"माझं काही विचारलं?"

"नाही."

"कसलंच नाही?"

"मी खोटं सांगू का तुला?" ती वैतागून म्हणायची, आणि मग स्वतःच डोळे पुसायची.

त्या शरदात गावातली टोपली हलली नाही. उशांगीने रांजण चेरीच्या सालीच्या कुंच्याने आतून घासला, गंधकाची वात जाळली आणि रिकामाच झाकून ठेवला. सारा हिवाळा तो बागेत होता. गारेने काड्या नुसत्या मोडत नाहीत, त्यांना आरपार चिरा पडतात, आणि पुढच्या सालचे डोळे त्याच काड्यांवर असतात. शंभरातल्या ऐंशी काड्या छाटून टाकाव्या लागल्या. उरलेल्या वीस त्याने चिंध्यांनी बांधल्या, लहान मुलाच्या बोटाला बांधावे तशा. टेकडीवरून एलिझबार ते बघायचा. ठाणे हिवाळ्यात बंद असते, तरी तो चढून जायचा. ओतिया म्हणायचा, याला वर काय पुरलंय कोण जाणे.

रात्रंदिवस त्याच्या डोक्यात ती बारा मिनिटे फिरत होती. पाचव्या मिनिटाला डागले असते तर? आठव्याला? दहाव्यालाही चालले असते. विमान बहुधा नव्हतेच. कोणीतरी तिकडे जेवायला गेला असेल आणि फोन उचलला नसेल. त्याने केंद्रात विचारले, पत्र लिहिले, एकदा तेलावीला जाऊन तीन तास बाकावर बसला. कुठले विमान होते ते त्याला कोणीच सांगितले नाही.

फेब्रुवारीत मळ्याकडून उशांगीला कागद आला. तुमची बाग जुनी आणि जखमी आहे, सही करा, मळ्याचा ट्रॅक्टर येऊन वेली उपटून नेईल आणि र्कात्सितेलीची रोपे तारांसकट लावून देईल. उशांगीने सही केली नाही, पण कागद फाडलाही नाही. पिक्रियाने तो त्याच्या कोटाच्या खिशात पाहिला होता.

वसंतात वेलींनी त्या चिंध्यांतून डोळे फोडले. जून निघाला, काही झाले नाही. जुलैत घड मोजण्याइतके थोडे, पण इतके निरोगी की उशांगी एकदा पिक्रियाजवळ म्हणाला, "यंदा अर्धा रांजण होईल." वर्षभरात त्याने आपण होऊन बोललेले हे पहिले वाक्य. ते ऐकून एलिझबारला जेवण गेले नाही. अर्धा रांजण झाला तर एप्रिलमध्ये दगड उघडेल. दगड उघडला तर कदाचित हाक येईल.

जुलैच्या तेविसाव्या तारखेला, दुपारी चार वाजता, तसाच ढग आला. तीच शाई, तेच हिरवे पोट.

"केंद्र, मी सातवा."

"सातवा, आकाश बंद. थांबा."

एलिझबारने वायरलेस खाली ठेवला. अगदी हळू ठेवला, जसा झोपलेल्या मुलाच्या उशाशी दिवा ठेवतात. वर पाहिले, कान दिले, कुठे घरघर नाही. ओतियाकडे पाहिले.

"तू खाली जा. तू इथं नव्हतास."

"येडा झालास का? हे पाप तू एकटा खाणार?" ओतियाने टोपी मागे सरकवली. "कुठं फिरवू सांग."

वर्षभर तो मनातल्या मनात ज्या ढगावर डागत होता, त्याच ढगावर आता डागायचे होते. घाई केली नाही. ढग अजून कड्यावर होता, भरपूर वेळ होता, पुस्तकात लिहिला असतो तेवढा. आठही रॉकेटे त्याने ढगाच्या पोटात सोडली, जिथे हिरवे सर्वांत गडद होते तिथे. आठही आत जाऊन फुटली. एकही वाया गेले नाही. खाली गावातून आरोळी उठली, माणसे टोप्या उडवत होती, आणि वायरलेस खाटेवर पडून किंचाळत होता. ओतियाने पुन्हा नळ्या भरल्या. अजून आठ. सोळाची सोळा.

ढगाने काही मनावर घेतले नाही. तो आला तसाच पुढे आला, टेकडीवर आला, गावावर आला, आणि अक्रोडाएवढ्या गारा पाडून गेला. पंधरा मिनिटे. गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी, हे सांगायलाही मागे काही उरले नाही.

गारा पडत असताना एलिझबार पत्र्याखाली गेला नाही. सांगाड्याला धरून उभा राहिला. खांद्यांवर, पाठीवर मार बसत होता आणि त्याच्या मनात मात्र एक भलताच विचार हळूहळू वर येत होता, इतका सुखाचा की त्याची त्यालाच लाज वाटली. सोळा डागली, वेळेवर डागली, नेमकी डागली, आणि तरी पडल्या. म्हणजे गेल्या वर्षीही पडल्याच असत्या. बारा मिनिटांचा काही संबंध नव्हता. माझा दोष नव्हता! त्याला रडू आले, आणि ते दुःखाचे नव्हते. कधी एकदा खाली जाऊन उशांगीला सांगतो असे त्याला झाले.

पण खाली वेशीवरच लोकांनी त्याला मिठ्या मारल्या. ज्यांच्या बागा डोळ्यांदेखत चेचल्या गेल्या होत्या तेच त्याच्या पाठीवर थापा मारत होते. "डागलंस! परवानगीच्या आईला विचारलं नाहीस! शाब्बास आपला माणूस!" ओतिया तर चार वाडग्यांतच सोळाची वीस आणि विसाची तीस करून सांगू लागला. लोकांचे सर्वस्व गेले होते आणि आपल्यासाठी कोणी काहीतरी केले एवढ्यावर ती माणसे उभी होती. त्यांना एलिझबार काय सांगणार, की केले त्याचा उपयोग नाही?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उन्हे कलताना उशांगी आला. वर्षानंतर पहिल्यांदा एलिझबारच्या अंगणात आला, काखेत मातीची सुरई घेऊन. गारांआधीच्या शेवटच्या सालची वाइन त्याने एका लहान रांजणात राखून ठेवली होती, ती त्याने काढली होती. पिक्रियाने धावत जाऊन चीज, पाव, काकड्या, तारखून नावाची वासाची ताजी पाने आणून ठेवली आणि दोघांना तुतीखाली एकटे सोडून आत गेली. आतून तिचे नाक ओढणे ऐकू येत होते.

उशांगीने सुरई दोघांच्या मध्ये ठेवली. वाडगे रिकामेच होते. खिशातून तो कागद काढून मांडीवर पसरला.

"जावईबुवा, काल मी बघत होतो. सोळा. मी मोजली. सगळी आत गेली. बरोबर?"

"बरोबर."

"आणि ढगाला खोकलासुद्धा आला नाही." तो थकून हसला. "मग मी रात्री विचार केला. ही रॉकेटं म्हणजे दिवाळखोर सरकारचे फटाके. गेल्या वर्षी तू डागली असतीस तरी हेच झालं असतं. आणि मी मूर्ख, वर्षभर तुझं तोंड पाहिलं नाही. असंच ना?"

हेच सांगायला एलिझबार काल धावला होता, आणि हा माणूस स्वतःहून ते त्याच्या तोंडाशी आणून ठेवत होता. नुसते हो म्हणायचे होते.

"आणि मग हा कागद," उशांगी पुढे म्हणाला. "मी बासष्टचा झालो. दुसऱ्यांदा चिंध्या बांधायला मी बांधीन रे, माझी ना नाही. पण वरून येणाऱ्याला कोणीच अडवू शकत नाही असं असेल, तर कशाला? उद्या सही करतो. उपटून नेऊ देत. बाबा रागावतील, पण ते आता कुठं बघायला येतायत? तू फक्त सांग. तू वर होतास. गेल्या वर्षी डागली असतीस तर वाचलं असतं का?"

एलिझबारने त्याच्या हातांकडे पाहिले. मोरचुदाने बोटांच्या भेगा कायमच्या निळ्या झाल्या होत्या. म्त्सवाने गेल्यावर हे हात काय करणार? तारांवरच्या सरकारी रोपांना पाणी घालणार? घरात मूल नाही, बायको नाही. चाळीस ओळी गेल्या की हा माणूस खाट धरणार आणि एक हिवाळा काढणार नाही. आणि खरे तरी काय होते? एलिझबारलाच कुठे ठाऊक होते? एका ढगाचे कळले होते. दुसऱ्याचे कोणाला कधीच कळणार नव्हते.

"वाचलं असतं," तो म्हणाला.

"काय?"

"यंदाचा ढग फार उंच होता. असला वीस वर्षांतून एकदा येतो. त्याला काही लागू पडत नाही. गेल्या वर्षीचा बुटका होता. तीन रॉकेटांत फुटला असता."

आतले नाक ओढणे थांबले होते.

"म्हणजे अडवता येतं."

"येतं. बहुतेक वेळा येतं."

"आणि तू उभा राहिलास."

"उभा राहिलो."

उशांगीने कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली, आणि अंगणातल्या शेगडीच्या निखाऱ्यांवर ठेवला. कडा काळी होऊन कागद पेटेपर्यंत तो बघत होता.

"मग वेली राहू देतो," तो म्हणाला. "टेकडीवर आता दुसरा कोणीतरी येईल. त्याला हात असले म्हणजे झालं."

मग त्याने सुरई उचलली. दुसऱ्याच्या अंगणात आणलेली सुरई भरलेलीच परत नेणे म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान पोरालाही समजते. फाटकाशी तो क्षणभर थांबला, पिक्रियाला हाक मारून "येतो ग" म्हणाला, आणि गेला.

चार दिवसांनी तिबिलिसीहून इस्त्रीच्या कपड्यांतले दोघे आले. आकाश बंद असताना डागलेत का, हो. का, गारा येत होत्या. त्यांनी त्याची किल्ली घेतली. तुरुंग काही झाला नाही, कारण विमान कुठलेच नव्हते असे त्यांच्याच बोलण्यातून निघाले. एलिझबार पुन्हा ट्रॅक्टरवर गेला. गावात त्याला पुन्हा मान मिळाला, ज्याने परवानगीला विचारले नाही तो माणूस म्हणून. चौकात कोणी त्याला आकाशाची आठवण करून देत नसे. एका घरचे फाटक तेवढे बंद राहिले, आणि का ते त्याने कोणालाच सांगितले नाही. पिक्रियालाही नाही. तिने आतून जे ऐकले तेच तिला खरे वाटत होते, आणि भावाने नवऱ्याला माफ करावे असे तिला मनापासून वाटत असले तरी भाऊ चुकतोय असे तिला कधी म्हणता आले नाही.

वेली मात्र जगल्या. तिसऱ्या वर्षी पाऊण रांजण झाला, चौथ्या वर्षी पूर्ण. एप्रिलमध्ये उशांगी दगड काढतो तेव्हा निम्मा गाव तिथे असतो, आणि पिक्रियाही जाते. एलिझबार त्या दिवशी अंगणात काहीतरी दुरुस्त करत बसतो. ती परत आली की तो हातातले काम न सोडता विचारतो.

"कसा झालाय?"

"चांगला झालाय."

"रंग?"

"चहासारखा. नेहमीसारखा."

"आणि वास? म्त्सवानेचा वास आला?"

"आला ना. दारापर्यंत येत होता."

"बरं," एलिझबार म्हणतो. मग थोड्या वेळाने पुन्हा विचारतो, "पहिला वाडगा कोणाला दिला?"

"कोणालाच नाही," पिक्रिया म्हणते. "जमिनीवर ओततो तो आता."